पुणे ते कन्याकुमारी : दोघंच, घरची गाडी आणि पहिलाच लांबचा प्रवास

पुण्याहून गाडीने कन्याकुमारीला जायचं ठरलं की घरात पहिला हिशेब होतो तो किलोमीटरचा. हंपी, जिंजी, तंजावर, मदुराई अशी वळणं घेत गेलात तर जाताना साधारण अठराशे किलोमीटर होतात. येताना बंगळूरमार्गे सरळ आलात तर पंधराशे. बारा-तेरा दिवसांची सुट्टी असेल तर दोघांना हे आरामात जमतं. पण रोज पाचशे ‘मारायचे’ की तीनशे, यावर वाद घालण्याआधी एक लक्षात घ्या. या वाटेवर तुमचा दिवस कसा जाणार हे तिथली देवळं आणि तिथली हॉटेलं ठरवतात.

तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळं पहाटे उघडतात, दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. हॉटेलांचाही दिवस असाच कापलेला. इडली, डोसा, पोंगल, वडा म्हणजे ‘टिफिन’, आणि तो सकाळी आणि संध्याकाळी मिळणार. मधल्या वेळात केळीच्या पानावर ‘मील्स’. दुपारी एक वाजता डोसा मागा, वाढपी मान हलवून ‘मील्स मील्स’ एवढंच म्हणेल. साडेतीनला मील्स मागा, तर भात संपलेला असेल आणि फडका फिरवून टेबलं संध्याकाळसाठी लावणं चालू असेल.

म्हणून दिवस असा बांधावा: उजाडता उजाडता देऊळ किंवा किल्ला, मग टिफिन, पुन्हा थोडं फिरणं, साडेबाराच्या सुमाराला पान, देवळं बंद असतात त्या वेळात गाडी, आणि पाचच्या आत पुढचं गाव. संध्याकाळी पुन्हा देऊळ, मग रात्रीचा टिफिन. हे एकदा अंगवळणी पडलं की दुपारी अडीचशे किलोमीटर सहज होतात आणि उन्हात तापलेल्या दगडांवर पायही भाजत नाहीत.

यात एक अडचण आहे, ती म्हणजे जेवणानंतरची झोप. त्यामुळे दुपारी ज्याच्या हातात स्टिअरिंग असेल त्याने पानावर रसमभात आणि मोर, म्हणजे ताक, एवढ्यावर भागवावं. सांबाराचा दुसरा भात, पायसम आणि अप्पळम, म्हणजे पापड, शेजारच्या सीटवरच्या माणसाचं. पाळी रोज बदलायची, म्हणजे भांडण नाही.

कधी निघावं

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस असतो. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी असते तेव्हा तिकडे बंगालच्या उपसागरात वादळ घोंघावत असू शकतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलेच्या यात्रेकरूंची गर्दी, आणि त्यातले पुष्कळजण कन्याकुमारीलाही जाऊन येतात. पोंगलच्या आठवड्यात, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे, अख्खं तमिळनाडू आपापल्या गावी निघालेलं असतं, तेव्हा खोली मिळणं मुश्कील. मार्चनंतर हंपीचा खडक तापायला लागतो. तिरुवण्णामलैला पौर्णिमेच्या रात्री लाखो लोक डोंगराला चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा घालतात. मुद्दाम तीच बघायची नसेल तर तिथला मुक्काम पौर्णिमेला येऊ देऊ नका.

गाडी आणि कागदपत्रं

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. दहा-बारा दिवस आधी करा आणि मधल्या काळात रोजच्या कामाला गाडी वापरा. कुठे गळत असेल, ब्रेक वाजत असेल, तर ते घराजवळ कळलेलं बरं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, लांबच्या प्रवासाआधी टायर दुकानात दाखवून घ्या. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ती सकाळी, टायर गार असताना बघायची. स्टेपनीतली हवा सगळेच विसरतात.

आणि एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोघांनी मिळून एक चाक काढून पुन्हा लावा. कंपनीचा छोटा पाना कमी पडतो हे तेव्हाच कळतं, आणि मग लांब दांड्याचा पाना डिकीत टाकता येतो.

गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि दोघांची लायसन्स डिजिलॉकरमध्ये घ्या, शिवाय एक छापील संच डॅशबोर्डच्या कप्प्यात. विम्याची मुदत प्रवासाच्या मधल्या दिवशी संपत नाही ना, हे बघा. फास्टॅगचं केवायसी पूर्ण हवं. चालू फास्टॅग नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल, असा नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. खासगी गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये वर्षाचा पास सुरू झाला. सुरुवातीचा भाव ३,००० रुपये, मर्यादा दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पुण्याहून निघालात की राष्ट्रीय महामार्गाचे टोलनाके एकामागून एक लागतात, त्यामुळे या एकाच प्रवासात पासची बरीचशी वसुली होते. मात्र राज्य सरकारच्या किंवा खासगी रस्त्यांवर तो चालत नाही, म्हणून टॅगमध्ये हजार-दीड हजार शिल्लक असू द्या. महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, इतर कुठल्याही संकटात ११२.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. गावातलं फिरणं धरून साडेतीन हजार किलोमीटर, गाडी लिटरला पंधरा देत असेल तर सव्वादोनशे ते अडीचशे लिटर. पुढचा गुणाकार त्या दिवशीच्या भावाने करा. टाकी अर्ध्यावर आली की भरायची. पंप कमी आहेत म्हणून नव्हे, चांगलं स्वच्छतागृह असलेला पंप दिसेलच याची खात्री नसते म्हणून. बायकांसाठी हा प्रश्न मोठा असतो आणि आखणी करणारा नवरा असेल तर तो हमखास विसरतो. महामार्गावरची मोठी शाकाहारी उपाहारगृहं त्यासाठी सगळ्यात भरवशाची. कॉफी घ्या, पाय मोकळे करा, दोन्ही कामं होतात.

दोघांतली वाटणी

दर दोन तासांनी चालक बदलावा. एकालाच गाडी येत असेल तर दिवसाला तीनशेच्या वर जाऊ नका आणि दोन दिवस वाढवा. न चालवणाऱ्याचं काम झोपणं नाही. नकाशा, टोल, पुढच्या जेवणाची जागा, खोलीवाल्याला फोन, हे सगळं त्याच्याकडे. रोज प्रत्येकाने एकच गोष्ट हट्टाने मागायची: एकाचा किल्ला, तर दुसऱ्याचा साडीबाजार. बाकीचं जमलं तर जमलं. भुकेच्या वेळी रस्ता चुकला तर आधी खाऊन घ्या, चूक कोणाची ते नंतर ठरवा. लॉजवर दोघांचीही ओळखपत्रं मागतात. नावं वेगळी असल्याने सहसा अडत नाही, पण आधार मूळ जवळ असावं. आणि कर्नाटकात, तमिळनाडूत पाटीवर नुसतं ‘हॉटेल’ लिहिलं असेल तर बहुतेकदा तिथे जेवण मिळतं, राहायचं असेल तर ‘लॉज’ शोधा.

सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही, हा नियम कडक पाळा. दुभाजकाच्या फटीतून अचानक येणारी दुचाकी, उलट्या दिशेने बिनदिव्याचा ट्रॅक्टर, गावाच्या तोंडाशी पट्टे न मारलेला गतिरोधक, हे सगळं दिवसा दिसतं. कर्नाटकातल्या आडरस्त्यांवर सुगीच्या दिवसांत आणखी एक प्रकार भेटतो. शेतकरी हुलग्याची, नाचणीची कापणी सरळ डांबरावर पसरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून मळून घेतात. तो काड वेगात तुडवू नका. गाडीच्या खाली आसाभोवती गुंडाळला जातो आणि तापलेल्या नळीला लागून पेटल्याच्या घटना झालेल्या आहेत. बाजूने जागा असेल तर तिथून, नसेल तर हळू जा आणि पुढे थांबून खाली वाकून बघा.

पहिला टप्पा : हंपीपर्यंत

पुण्याहून पहाटे पाचला निघालात तर कोल्हापूर नाश्त्याला गाठता येतं. सातारा ते कागल रुंदीकरणाची कामं बरीच वर्षं रेंगाळली आहेत, तेव्हा वळशांसाठी तासभर जास्तीचा ठेवा. बेळगावात कुंदा, धारवाडात पेढा. कुंदा प्रवासात दोन दिवसांच्या वर ठेवू नका, पेढा टिकतो. सीमाप्रश्न तापलेला असेल किंवा १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकच्या राज्यदिनाच्या, आगेमागचे दिवस असतील, तर एमएच पाटीची गाडी घेऊन निघण्याआधी बातम्या बघून घ्या. एरवी काही त्रास नाही, बेळगावात तर मराठीतच सगळं निभावतं.

पहिल्या रात्री हुबळी-धारवाड पुरे. संध्याकाळी हातगाडीवर गिरमिट खा. चुरमुरे, कांदा, चिंचगुळाचं मिश्रण, वर डाळ्याचं पीठ आणि सोबत मिरचीभजी. भेळेचा भाऊबंद आहे, पण फोडणीमुळे चव निराळी.

दुसऱ्या दिवशी गदगवरून जाताना शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर लक्कुंडी लागतं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली देवळं, जुन्या पायऱ्यांच्या विहिरी आणि गर्दी जवळजवळ नाही. तासभर द्या. हंपीत मुक्काम होसपेट किंवा कमलापूरला. हंपी १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि पसारा एवढा की एका दिवसात बघायचं म्हटलं तर फक्त दमायला होतं. पहाटे मातंग टेकडी, दुसऱ्या सकाळी विठ्ठल मंदिर उघडताच, असं दोन सकाळींवर वाटून घ्या. विठ्ठल मंदिराजवळ गाडी जात नाही. लांब उभी करून बॅटरीवरच्या गाडीने किंवा पायी जायचं. पन्नासच्या नव्या नोटेवर जो दगडी रथ आहे तो इथलाच. पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि नाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, ती परत आणली अशी आपल्याकडे परंपरा आहे. ती माहीत असलेल्या माणसाला इथलं रिकामं गर्भगृह जरा जास्त वेळ थांबवतं.

जेवण खानावळीत. जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे तेलावरचं भरलं वांगं, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, दही. पुरे म्हणायला ‘साकु’, तिखट कमी हवं तर ‘खारा कम्मि’, ताकाला ‘मज्जिगे’. वाढणाऱ्या बाईंना ‘अक्का’ म्हटलं की एक भाकरी जास्तीची येते.

बंगळूर चुकवायचं कसं

हंपीहून चित्रदुर्ग सुमारे एकशेचाळीस किलोमीटर. किल्ला बघायला अडीच तास धरा. हैदर अलीचे सैनिक ज्या फटीतून आत शिरत होते तिथे हातात मुसळ घेऊन उभी राहिलेली ओनके ओबव्वा कर्नाटकात घराघरात ठाऊक आहे. ती फट अजून दाखवतात. एक माणूस अंग चोरून कसाबसा आत येईल एवढीच आहे, ती बघितली की गोष्ट पटते.

तिथून थेट बंगळूरला जाऊ नका, तुमकूरला थांबा. सकाळी पाचला निघून नैस रोडने, म्हणजे तुमकूर रस्त्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणाऱ्या बाहेरच्या वळणरस्त्याने, शहर जागं व्हायच्या आत पार व्हायचं. त्याचा टोल वेगळा आणि महाग आहे, तरी द्या. होसूर-कृष्णगिरीत पहिला तमिळ टिफिन घ्या. इथून पुढे ‘पोदुम’ म्हणजे पुरे, ‘तण्णी’ म्हणजे पाणी, आणि पाटीवर ‘सैवम’ असेल तर शाकाहारी. हिंदीचा आग्रह धरू नका. दोन तमिळ शब्द, मोडकं इंग्रजी आणि बोटांची खूण यावर सगळं होतं, आणि हसतमुखाने होतं. कृष्णगिरीहून तिरुवण्णामलैचा फाटा धरा. मुक्काम तिथे. संध्याकाळी अरुणाचलेश्वराचं दर्शन.

जिंजी आणि तंजावर

बरेचजण या वाटेवर पुदुच्चेरीला वळतात. समुद्र आणि पिवळ्या भिंती आवडत असतील तर जरूर जा, जिंजीपासून सत्तरेक किलोमीटर आहे. मला विचाराल तर तो दिवस तंजावरला द्यावा.

तिरुवण्णामलैहून सातला निघालात की पाऊण-एक तासात जिंजी. टिफिन आधीच उरकून निघा आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या, वर काही मिळत नाही. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्या आणि त्यांना जोडत गेलेला तट. शिवाजी महाराजांनी १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत हा किल्ला घेतला. पुढे रायगड पडायच्या सुमाराला राजाराम महाराज इथे आले आणि मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा १६९८ पर्यंत रेंगाळला. इतकी वर्षं मराठ्यांची राजधानी इथे होती हे शाळेत एका ओळीत शिकवतात. राजगिरीच्या पायऱ्या चढताना ती ओळ पायांना कळते. कातळाचे मोठे-मोठे चौकोन, गुडघ्याएवढे काही. माथ्याच्या अलीकडे डोंगर उभा चिरलेला आहे आणि त्या खोल दरीवरून एका अरुंद पुलानेच वर जाता येतं. पूल काढून घेतला की वेढा घालणाऱ्याने करायचं काय, हे तिथे उभं राहिल्यावर नकाशाशिवाय समजतं. वर-खाली धरून अडीच-तीन तास. माकडं धीट आहेत, खाण्याची पिशवी हातात धरू नका. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात महाराष्ट्राबाहेरचा एवढा एकच.

गुडघे दुखत असतील त्यांनी राजगिरीचा हट्ट सोडावा. खालचा कल्याणमहाल, कोठारं, तलाव यातच दोन तास छान जातात, आणि वर गेलेल्याची वाट बघायला सावली आहे.

जिंजीहून विल्लुपुरममार्गे तंजावर दोनशे किलोमीटर, नेमकं दुपारच्या वेळात बसणारं. कुंभकोणम वाटेत पडेल असा रस्ता धरला तर पितळी डबरा-टंबलरमधली, म्हणजे वाटी-पेल्यातली, डिग्री कॉफी तिथेच प्या. कॉफी डबऱ्यातून टंबलरमध्ये ओतून गार करायची असते, ओठ लावून सरळ प्यायला गेलात तर पोळेल.

तंजावरला पूर्ण दिवस. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने बांधून १०१० साली पुरं केलं. शिखर साठ मीटरहून उंच, आणि आवार एवढं मोकळं की ते उंच असल्याचं जवळ जाईपर्यंत जाणवत नाही. संध्याकाळी पाचनंतर दगडावर ऊन पिवळं पडतं ती वेळ धरा. सकाळी उशीर झालाच तर एक युक्ती: जाड सुती मोजे खिशात ठेवा. चपला बाहेर काढाव्या लागतात, मोजे चालतात, आणि अकरानंतर ती फरशी तव्यासारखी तापते.

या देवळाच्या भिंतीवर मराठी आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला, आणि तो भलामोठा आहे. नैऋत्येच्या बाजूच्या भिंतीकडे जा, नाही सापडला तर रखवालदाराला ‘मराठा इन्स्क्रिप्शन’ म्हणा. देवनागरीच अक्षरं आहेत, पण वळण जुनं, त्यामुळे सलग वाचवत नाही. एखादं नाव ओळखीचं लागलं की बोट ठेवून पुढचं लावत बसायचं. दोघं मिळून केलं तर जास्त मजा. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात हे राज्य उभं केलं आणि १८५५ पर्यंत ते भोसल्यांकडे होतं. राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय बघाच. सरफोजींनी जमवलेल्या पोथ्या, नकाशे, वैद्यकाची चित्रं आहेत, मोडी लिपीतली कागदपत्रंही. सांबार हा पदार्थ संभाजीराजांच्या नावावरून तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मला, ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ऐका, मान डोलवा, पुरावा मागू नका. सांबार मात्र उत्तम मिळतं.

गोडासाठी तेरा किलोमीटरवर तिरुवैयारू. कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी कावेरीच्या काठी आहे आणि गावात मुगाच्या डाळीचा अशोका हलवा मिळतो, केशरी, तुपाने थबथबलेला. पानाच्या तुकड्यावर पन्नास ग्रॅम घ्या, दोघांना पुरतो.

पानावर जेवायची रीत इथेच शिकून घ्या. पान पुढे आलं की पाणी शिंपडून हाताने पुसायचं. भात आला की आधी सांबार, मग रसम, मग ताक या क्रमाने. प्रत्येक वेळी भात थोडाच मागायचा, कारण तो पुन्हा येतोच. झालं की पानाचा वरचा अर्धा भाग आपल्याकडे दुमडायचा.

मदुराई ते कन्याकुमारी

मदुराईत मीनाक्षीच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांवर गाडी नेता येत नाही. खोली चालत जाण्याच्या अंतरावर घ्या आणि पार्किंग आहे का हे फोनवर दोनदा विचारा. मोबाईल आत चालत नाही, खोलीवरच ठेवून जा. रांगेतला तेवढाच वेळ वाचतो. पुरुषांनी धोतर किंवा पूर्ण पँट, बायकांनी साडी किंवा ओढणीसह सलवार-कमीज. दक्षिणेचं गोपुर सगळ्यात उंच, पन्नास मीटरच्या वर. रात्री देऊळ मिटायच्या वेळी सुंदरेश्वराची पालखी मीनाक्षीच्या शेजघरात नेतात, तो सोहळा चुकवू नका.

खाण्याला मदुराईइतकं शहर या वाटेवर दुसरं नाही. रात्री अकरालाही मऊ इडल्या आणि चार चटण्या मिळतात. जिगरठंडा म्हणजे आटवलेलं दूध, बदामाचा फुगवलेला डिंक, नन्नारीचं, म्हणजे अनंतमुळाचं, सरबत आणि वर आइसक्रीम. ते दुपारी घ्या, जेवणाच्या जागी. ‘परुत्ती पाल’ मात्र सहसा कोणी सांगत नाही. सरकीचं दूध काढून गूळ, सुंठ, वेलची घालून उकळतात, गाडीवर गरम मिळतं. सामिष खाणाऱ्यांनी करीदोसै मागवावा: जाड डोसा, त्यावर अंडं आणि मटणाचा खिमा.

मदुराईहून कन्याकुमारी अडीचशे किलोमीटरच्या आत. कोविलपट्टीत शेंगदाण्याची चिक्की, कडलै मिठाई घ्या. तिला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिरुनेलवेलीत गव्हाच्या चिकाचा हलवा. तिथलं सगळ्यात नावाजलेलं दुकान फक्त संध्याकाळी उघडतं आणि रांग लागते, तुमची वेळ जमत नसेल तर दुसरीकडचाही चांगला असतो. पुढे पवनचक्क्यांचं रान सुरू होतं. जूनपासून पुढे आलात तर इथे आडवा वारा गाडी ढकलतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा.

कन्याकुमारीत दोन रात्री पुरतात. समुद्र दिसणारी खोली घेतलीत तर सूर्योदयाला धक्काबुक्कीत जावं लागत नाही, गच्चीतून होतो. विवेकानंद शिळेवरचं स्मारक १९७० चं. शेजारचा तमिळ कवी तिरुवल्लुवरांचा पुतळा १३३ फुटांचा, कारण त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथाचे अध्याय १३३. डिसेंबर २०२४ पासून या दोन खडकांमध्ये काचेचा पूल आहे. सकाळच्या पहिल्या बोटीच्या रांगेत उभे राहा, नंतर दोन-दोन तास जातात. भगवती अम्मनच्या देवळात पुरुषांना सदरा काढून जावं लागतं. पस्तीस किलोमीटरवरचा पद्मनाभपुरम राजवाडा बहुतेक लाकडाचा, तमिळनाडूत असून केरळ सरकारच्या ताब्यातला, आणि सोमवारी बंद. तुमचा मोकळा दिवस सोमवार येत असेल तर मदुराईतच तारखा सरकवा.

परत येताना

तीन मुक्काम धरा: सेलम, दावणगिरी, कोल्हापूर. सेलमला पोचायचा दिवस लांब आहे, पण रस्ता चौपदरी आणि सरळ. दुसऱ्या दिवशी दुपारच्या मधल्या वेळात नैस रोडने बंगळूर ओलांडा. दावणगिरीत सकाळी बेण्णे डोसा, लोण्यात भाजलेला, सोबत साधी बटाट्याची भाजी आणि पांढरी खोबऱ्याची चटणी. जाताना हंपीच्या वाटेमुळे हे गाव हुकलेलं असतं. एक खाल्ल्यावर दुसरा मागवला जातोच, त्यामुळे निघायची वेळ अर्ध्या तासाने पुढे धरा.

घरी आल्यावर टायरची नक्षी आणि गाडीखालची बाजू बघून घ्या. फास्टॅगचा उतारा काढून दोनदा कापलेला टोल असेल तर बँकेकडे तक्रार टाका. आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून ई-चलान आलंय का ते बघा. तिन्ही राज्यांत कॅमेरे आहेत.